बहिर्जी नाईक मुलांना कोण सांगणार?

मोठ्यांच्या कथेतील गुप्तहेर लहान करून मुलांच्या हाती देण्याचा प्रयोग जगाला नवा नाही. इयान फ्लेमिंग यांनी १९५३ साली जन्माला घातलेल्या जेम्स बाँडला चार्ली हिग्सन या लेखकाने २००५ साली पुन्हा शाळेत पाठविले. ‘सिल्व्हरफिन’ या कादंबरीपासून सुरू झालेल्या त्या मालिकेतील बाँड १९३० च्या दशकात ईटनच्या निवासी शाळेत शिकणारा मुलगा आहे. आपल्याकडे भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे, म्हणजे फुरसुंगीहून पुण्याच्या वसतिगृहात शिकायला आलेला बनेश, २०१७ साली तरुण होऊन चित्रपटाच्या पडद्यावर परतला. पाठोपाठ ‘फर्जंद’ (२०१८) आणि ‘फत्तेशिकस्त’ (२०१९) या चित्रपटांतून शिवकालातील हेरप्रमुख बहिर्जी नाईक लाखो प्रेक्षकांना भेटले. वेषांतर करणारा, कोणालाही न ओळखू येणारा, राजाच्या कानापर्यंत शत्रूची प्रत्येक हालचाल पोचविणारा हा माणूस मुलांना आवडणार यात नवल नाही.

बहिर्जी नाईक यांच्यावर मुलांसाठी सकस, दीर्घ पुस्तकमालिका निघावी, असे माझे मत आहे. इतिहास शिकविणाऱ्या शिक्षिकेच्या भूमिकेतून मी ते मांडत आहे. परंतु ती कोणी लिहावी आणि तिचा शेवट कोठे व्हावा, हा प्रश्न मला मालिकेइतकाच महत्त्वाचा वाटतो. कारण आजवर बहिर्जींची कथा गडावरच्या विजयोत्सवाशी येऊन संपते. त्यांच्यासारख्यांच्या लेकरा-नातवंडांचे पुढे काय झाले, हे तिथे सांगितले जात नाही.

प्रथम पुरावा पाहू. छत्रपती शिवाजी महाराजांच्या हयातीतील लढाया, तह, देणग्या यांविषयी कागद पुष्कळ आहेत; हेरखात्याविषयी मात्र फार थोडे. गुप्त कामाची नोंद ठेवायची नसते, हे त्याचे एक साधे कारण. कृष्णाजी अनंत सभासद यांनी सतराव्या शतकाच्या अखेरीस जिंजी येथे लिहिलेल्या बखरीत बहिर्जी जाधव या जासुदाचा उल्लेख सुरतेच्या संदर्भात येतो. सुरत मारली असता अगणित द्रव्य हाती लागेल, ही खबर त्यांची. दुसरा प्रसंग १६७९ सालचा. जालना लुटून परतणाऱ्या मराठी फौजेला मोगलांनी गाठले, तेव्हा बहिर्जींनी आडवाटेने, रात्रंदिवस चालवून, फौज पट्टा किल्ल्यापर्यंत सुखरूप नेली. त्या किल्ल्याला पुढे विश्रामगड हे नाव मिळाले. सांगली जिल्ह्यातील बाणूरगडावर त्यांची समाधी दाखवितात. ते रामोशी समाजातील होते, असे लोकपरंपरा सांगते. फकीर, वासुदेव, भिकारी, कोळी अशी त्यांची सोंगे लोककथेत आहेत. त्यांचे बालपण, त्यांचे गाव, त्यांचे गुरू यांविषयी जे काही ऐकायला मिळते, ते बहुतेक याच परंपरेचे देणे आहे.

एवढ्याशा पुराव्यावर बालमालिका उभी राहील काय? राहील, आणि चांगली राहील. बहिर्जींचे सामर्थ्य तलवारीत नव्हते. ते डोळ्यांत, कानांत, स्मरणात आणि पायांत होते. कोणत्या नदीला कोणत्या महिन्यात उतार मिळतो, कोणत्या बाजारात कोणती बोली चालते, पहारा कधी बदलतो, धान्याचे भाव एकाएकी का चढले, हे ज्याला कळते तो हेर. आपल्या वसतिगृहातील मुलाला घोडा मिळणार नाही आणि वाडवडिलांची जहागीरही मिळणार नाही. पण निरीक्षण, पाठांतर, भाषा आणि भूगोल या गोष्टी त्याला मिळू शकतात. ज्या नायकाचे शस्त्र अभ्यास आहे, असा नायक शाळेला आणखी कोणता हवा?

सुरतेचाच प्रसंग घ्या. जानेवारी १६६४. मोगल सुभेदार इनायतखान किल्ल्यात दडून बसला. इंग्रज आणि डच यांनी आपापल्या वखारी राखल्या. बाकीचे शहर उघडे पडले. फ्रेंच प्रवासी बर्निए याने लिहून ठेवले आहे की, डच वखारीच्या एका दिवंगत दलालाचे घर, तो हयातीत दानधर्म करणारा होता म्हणून, महाराजांनी वगळले. ख्रिस्ती धर्मगुरू फादर ॲम्ब्रोज यांच्या मठालाही धक्का लावला नाही. शेकडो घरांच्या अनोळखी शहरात कोणते घर कोणाचे आणि तो माणूस कसा होता, हे आधी कोणीतरी हिंडून, विचारून, लक्षात ठेवून सांगितल्याशिवाय हे घडेल कसे? हा माझा तर्क आहे, कागदाचा पुरावा नव्हे. परंतु असा तर्क करायला शिकविणे हेच इतिहासाच्या तासाचे काम आहे.

त्याच सुरतेत विरजी व्होरा आणि हाजी झाहीद बेग या दोन बड्या व्यापाऱ्यांची घरे लुटली गेली. एक जैन, दुसरा मुसलमान. मुलांच्या पुस्तकात हे यायलाच हवे. कारण आज हेरकथेचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे शत्रूला दाढी लावून उभे करणे. महाराजांचा फारसी पत्रव्यवहार पाहणारे काझी हैदर होते. अफझलखानाच्या भेटीच्या वेळी सोबत असलेल्या निवडक अंगरक्षकांत सिद्दी इब्राहिम होता. आरमारावर दौलतखान होता. स्वराज्याचा लढा सत्तांचा होता. धर्मावरून माणूस ओळखण्याची सवय ज्या मुलाला लागेल, तो चांगला नागरिक तर होणार नाहीच, पण चांगला हेरही होणार नाही. कारण हेराला माणसे नीट पाहावी लागतात. आणि सुरतेची लूट ही लूटच होती, तीत सामान्य माणसेही देशोधडीला लागली, हेही मुलांपासून लपवू नये. आपल्या नायकाची बाजू घेताना समोरच्याचे दुःख पुसून टाकावे लागत असेल, तर त्याला इतिहास म्हणता येणार नाही.

आता मूळ मुद्द्याकडे येते. बहिर्जी एकटे नव्हते. गडाच्या पायथ्याशी आणि मेटांवर रामोशी, महार, मांग, कोळी यांची वस्ती असे. वाटा राखणे, रानातली हालचाल टिपणे, रात्रीचा पहारा, चारा आणि सरपण गोळा करणे ही त्यांची कामे ग्रँट डफसारख्या इंग्रज इतिहासकारानेही नोंदविली आहेत. गावगाड्यात हीच माणसे वेस राखत, चोराचा माग काढत, सरकारी टपाल एका गावाहून दुसऱ्या गावी पोचवीत, शिवेच्या तंट्यात साक्ष देत. शिवार, पाऊलखुणा, माणसांची ये-जा यांचे ज्ञान पिढ्यान् पिढ्या त्यांच्याकडे साचलेले होते. हेरखाते हवेतून उगवत नसते. राजाच्या बुद्धीने ते रचले, हे खरे. पण त्याचा दगडविटा हे ज्ञान होते.

पुढे काय झाले? १८१८ साली पेशवाई बुडाली. इंग्रजी अमलात रामोशांचे किल्ल्यांवरील रखवालीचे हक्क गेले, उपजीविका गेली. पुरंदरच्या परिसरातील उमाजी नाईक यांनी बंड उभारले आणि ३ फेब्रुवारी १८३२ रोजी त्यांना पुण्यात फाशी देण्यात आले. त्यांच्या पाठलागावर असलेल्या कॅप्टन मॅकिंटॉश यांनी दुसऱ्याच वर्षी रामोशांवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला; म्हणजे ज्यांनी पकडले, त्यांनीच चरित्र लिहिले. १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा आला, १९११ साली तो साऱ्या देशाला लागू करता येईल असा झाला. जन्माने गुन्हेगार, हा शिक्का. ठाण्यावर हजेरी, परवान्याशिवाय गाव सोडायचे नाही, काटेरी तारेच्या आतल्या वसाहती. ज्या अंगांनी माग काढला त्यांच्याच पायांवर आता पहारा बसला. हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. महाराष्ट्रात विमुक्त जातींच्या यादीत आजही बेरड, कैकाडी, वडार यांच्यासोबत रामोशी हे नाव आहे.

महारांची कथा याहून वेगळी, पण फार दूरची नाही. वेसकरी, निरोप पोचविणे, माग काढणे या कामांचे वतन झाले, आणि वतन म्हणजे रात्री-अपरात्री हाक आली की निघायचे, मोबदल्यात कोरभर भाकर. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले, ते या वेठीतून माणसाला मोकळे करण्यासाठी. तेच चालणे, तेच जागणे, तीच नजर. राजाने आदराने मागितली तेव्हा तिला हेरगिरी म्हटले. गावाने फुकट घेतली तेव्हा ती वेठ झाली. परकीय सरकारला तिची भीती वाटली तेव्हा तिचे नाव गुन्हा पडले. कौशल्य बदलले नव्हते. त्याला नाव देणारा बदलला होता.

बहिर्जींच्या मालिकेत हे यावे, एवढेच माझे म्हणणे आहे. दगडखाणीत घाम गाळणाऱ्या वडारांची पोरे आपल्या या शहराच्या शाळांतही येतात. पारसिकच्या डोंगराच्या कडेने फोडलेल्या खडीवर नवी मुंबई उभी राहिली. त्या मुलाने बहिर्जींचे पुस्तक उघडावे आणि त्यात फक्त दुसऱ्या कोणाचा तरी विजय पाहावा, की आपल्यासारख्या माणसांची दोन-तीनशे वर्षांची वाटचाल पाहावी? माझ्या दृष्टीने मालिकेचे पहिले पुस्तक सुरतेचे असावे, दुसरे जालना ते पट्टा या वाटेचे. तिसऱ्यात गडाच्या मेटावर राहणारी मुलगी नायिका असावी. रानवाटा पुरुषांनाच ठाऊक होत्या, असे कोठे लिहिले आहे? चौथे उमाजी नाईकांचे. पाचवे हजेरीचे. आणि शेवटचे पुस्तक ३१ ऑगस्ट १९५२ च्या दिवसाचे. हेर ते गुन्हेगार आणि गुन्हेगार ते नागरिक, असा हा प्रवास आहे. संविधान लागू झाल्यानंतर अडीच वर्षांनी हा शिक्का कायद्यातून पुसला गेला, हे दहा-बारा वर्षांच्या मुलाला कळायला काहीच कठीण नाही. माणसांच्या मनातून तो अद्याप पुसलेला नाही, हेही त्याला शेजारीपाजारी दिसतेच.

साहित्याने हा रस्ता यापूर्वी दाखविला आहे. महात्मा फुल्यांनी १८६९ साली शिवाजीराजांचा पवाडा रचला, तो पंडितांसाठी नव्हे. कष्टकऱ्यांच्या राजाची कथा कष्टकऱ्यांच्या भाषेत सांगण्यासाठी. अण्णाभाऊ साठे यांनी १९५९ साली ‘फकिरा’ दिली. सरकारी दप्तरात जो गुन्हेगार, तो अण्णाभाऊंच्या कादंबरीत मराठीतील एक उत्तुंग नायक झाला. ती त्यांनी बाबासाहेबांना अर्पण केली आहे. मोठ्यांसाठी हे काम झाले. मुलांसाठी ते व्हायचे आहे.

येथे दोन आक्षेप येतील आणि दोन्ही रास्त आहेत. पहिला असा की, पुरावा इतका थोडा असताना कल्पनेने इतिहास रचणे म्हणजे नवी भाकडकथा निर्माण करणे नव्हे काय? इतिहासाच्या विद्यार्थ्याने या प्रश्नाचे उत्तर बाबासाहेबांच्या ‘दि अनटचेबल्स’ (१९४८) या ग्रंथाच्या प्रस्तावनेत शोधावे. अस्पृश्यतेच्या उगमाचा शोध घेताना त्यांच्यापुढे हीच अडचण होती: साखळीतले दुवे हरवलेले. गटेचा आधार घेऊन त्यांनी सांगितले की, खरे आणि खोटे, निश्चित आणि अनिश्चित यांची निवड करणे हे इतिहासकाराचे कर्तव्य आहे. आणि गॉर्कीचा आधार घेऊन असेही सांगितले की, हरवलेले दुवे जोडण्यासाठी कल्पना आणि अंतःप्रेरणा यांचा उपयोग करावा लागतो. या दोन्ही गोष्टी त्यांनी एकाच प्रस्तावनेत सांगितल्या, हे विसरू नये. कल्पना करा, पण ती कल्पना आहे हे सांगा.

म्हणून माझी सूचना आहे की, मालिकेतील प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी एक पान असावे, त्यावर तीन रकाने: ‘कागदात सापडते’, ‘लोक सांगतात’, ‘लेखकाने कल्पिले’. सुरतेची खबर पहिल्या रकान्यात, फकिराचे सोंग दुसऱ्यात, बहिर्जींचे बालपण तिसऱ्यात. मुलांना यामुळे गोष्टीची गोडी कमी वाटेल असे कोणी म्हणेल. वर्गातला अनुभव उलट आहे. कोणती गोष्ट खरी, हे शोधायला दिले की मुले अधिक सरसावून बसतात. आणि हा बाणा आपल्याला परका कसा असेल? परंपरेने चालत आले, ऐकीव आहे, ग्रंथात आहे, एवढ्यावरून काही स्वीकारू नका, असे तथागतांनी केसपुत्तच्या कालामांना सांगितले. कालाम सुत्त ज्यांच्या परिपाठात आहे, त्यांच्या मुलांना तीन रकान्यांचे पान समजावून सांगावे लागणार नाही.

दुसरा आक्षेप पालकांचा असेल आणि तो अधिक अवघड आहे. रोज सकाळी मुले पंचशील म्हणतात. खोटे बोलण्यापासून विरत राहण्याचे शील त्यात आहे. मग ज्याचा धंदाच खोटे नाव, खोटा वेष आणि खोटे बोलणे, तो त्यांचा नायक कसा? या प्रश्नाला सोपे उत्तर देऊन पळवाट काढू नये. देशासाठी सगळे चालते, असे मुलांना शिकविणे मला मान्य नाही. त्या वाक्याच्या आड जगात फार पापे झाली आहेत. रुडयार्ड किपलिंगच्या ‘किम’ (१९०१) या कादंबरीतला चलाख पोरगाही हेर होता, आणि तो साम्राज्याच्या बाजूने होता. चलाखी कोणाच्या कामी येते, हे विचारल्याशिवाय हेरकथा पूर्ण होत नाही. दुसऱ्या महायुद्धात नाझींच्या ताब्यातील पॅरिसमधून बिनतारी संदेश पाठविणाऱ्या नूर इनायत खान सुफी संस्कारांत, सत्य आणि अहिंसेच्या शिकवणीत वाढलेल्या होत्या. तरीही त्यांनी ते काम स्वीकारले आणि सप्टेंबर १९४४ मध्ये डाखाऊच्या छळछावणीत त्यांना गोळी घालण्यात आली. त्यांच्या मनात हा झगडा झाला नसेल काय? बहिर्जींच्या मनातही तो होऊ द्यावा. ज्या घरात फकीर म्हणून जेवला, त्या घराची खबर देताना या माणसाला काय वाटले असेल, हे एखाद्या प्रकरणात येऊ द्यावे. मुले वर्गात त्यावर वाद घालतील. घालू द्यावा. शील पाठ होते ते म्हटल्याने, पण कळते ते असा पेच पडल्यावर.

शेवटी, हे करायचे कोणी? मोठ्या प्रकाशन संस्थांना बहिर्जींच्या नावाला खप दिसला की त्या मालिका काढतील, आणि त्या तलवारी, मशाली नि आरोळ्या यांनी भरलेल्या असतील. त्यांची वाट पाहण्याचे कारण नाही. या स्मरणिकेचे वाचक असलेल्या माजी विद्यार्थ्यांत शिक्षक आहेत, चित्रकार आहेत, संगणकावर पुस्तकाची पाने जुळविणारे आहेत, मोडी वाचू शकणारे एक-दोघे तरी सापडतील. सहा पुस्तके, प्रत्येकी चौसष्ट पाने, जाड टाइप, रेखाचित्रे, रिक्षाने न जाता एक दिवस चालत जाऊन वाचवता येईल एवढी किंमत. विक्रीची चिंताही आपण करू नये. ६ डिसेंबरला दादरच्या चैत्यभूमीवर आणि धम्मचक्र प्रवर्तनदिनी नागपूरच्या दीक्षाभूमीवर जेवढी पुस्तके विकली जातात, तेवढी क्वचितच कोठे विकली जात असतील. पोटाला चिमटा घेऊन पुस्तक घेणारा हा समाज आहे. त्या गर्दीत आई-बापाचा हात धरून आलेल्या मुलासाठी, त्याच्या वयाचे, खिळवून ठेवणारे, तरी सत्याशी प्रामाणिक असे काही असावे.

आणि पुस्तकासोबत पायही चालावेत. पनवेलच्या पुढे गोव्याच्या रस्त्यावरून कर्नाळ्याचा सुळका अंगठ्यासारखा वर आलेला दिसतो. १६६५ च्या पुरंदरच्या तहात मोगलांना दिलेल्या तेवीस किल्ल्यांत तो होता, आणि १६७० साली तो परत घेतला गेला. आपल्या मुलांची सहल तेथे जाते, छायाचित्रे निघतात, डबे उघडले जातात. यापुढे त्यांना तेथे एक काम द्यावे: वर चढताना वाटेवर काय काय दिसले ते, वही न उघडता, खाली उतरल्यावर सांगायचे. कोणती झाडे, किती वळणे, पाणी कोठे, कोणाशी काय बोलणे झाले. बहिर्जींचे सगळे शिक्षण एवढेच असणार. ज्याला किल्ला घेणाऱ्याचे नाव सांगता येते, त्याला एक गुण द्यावा. आणि त्या रात्री मेटावर जागे कोण होते, असा प्रश्न ज्याला पडतो, त्याला दोन द्यावेत.